अर्धी लोकर

“खरी लोकर हाय! काडी लावून बघा, भडकायची न्हाई!”

नवरीचा बाप कोंडाजी भर मांडवात छाती ठोकत होता. तो चिंचवडला लोकरीच्या गिरणीत, फिनिशिंग खात्यात कामाला. जावयाच्या कोटाचं कापड त्यानंच तिथून आणलेलं.

“सूत निघालं तर वऱ्हाड माघारी मोशीला,” नवरदेवाचा मामा भिमाजी म्हणाला आणि त्यानं काडी ओढली. कोट नवरदेवाच्या अंगातच आहे, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

कापडात अर्धी लोकर होती, अर्धं सूत. वरची मऊ लव तारेच्या ब्रशनं उभी केलेली. ती भुर्रकन पेटली. जाळ नवरदेव सोपानरावांच्या पाठीवरून कॉलरपर्यंत धावत गेला.

“सूत! सूत!” भिमाजी आनंदानं ओरडला.

सोपानरावांनी आधी मामाच्या थोबाडीत दिली, मग सासऱ्याच्या. सकाळी न्हाव्यालाही दिली होती. दाराआडून नवरी शालन तेव्हाही बघत होती, आताही.

मामी छबूबाईनं चुलीवरचा न्हाणाचा हंडा उचलला आणि कढत पाणी नवरदेवावर ओतलं. जाळ विझला. नवरदेव पेटला तेव्हापेक्षा मोठ्यानं बोंबलला.

“आजून धुमसतंय!” म्हणत नवरीकडची मंडळी त्याला बुक्क्यांनी विझवू लागली. वऱ्हाडानं काठ्या काढल्या. गर्दीत त्याही बऱ्याचशा नवरदेवालाच बसल्या. न्हावी तर पायातली वहाण काढून विझवत होता.

दमल्यावर सगळे बाजूला झाले. कोट घोंगडीसारखा घट्ट झाला होता. बाह्या कोपरापर्यंत चढलेल्या, बटणं निघता निघेनात.

“आटला!” फुटक्या ओठानं कोंडाजी नाचायला लागला. “कढत पाणी आन् वर मार! गिरणीत आमी दुसरं काय करतो? नुसतं सूत असं आटतंय व्हय?”

भिमाजीनं सुजल्या डोळ्यानं कोट चाचपला. “लोकर हाय,” तो पडेल आवाजात म्हणाला. “बोलवा भटजीला.”

मंगलाष्टकं झाली. हार घालायला नवरदेवाचे हात छातीच्या वर जाईनात. न्हावी कात्री घेऊन पुढं झाला. “बाह्या कापतो.”

शालननं वाकून स्वतःच हारात मान घातली.

“ऱ्हाऊ द्या,” ती हळूच म्हणाली. “हात उचलता येत न्हाई, तेच बरं हाय.”