अडीच मिनिटं

हॉलचे दिवे लागले, टाळ्या झाल्या, खुर्च्या सरकल्या. पण मागच्या रांगेतल्या तिघीजणी काही उठेनात. कोऱ्या पडद्याकडे बघत तशाच बसून राहिल्या.

कार्टूनकाका वायरी आवरत होते. आठवडाभर औषधांच्या दुकानात गोळ्या देणारा हा माणूस महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी ग्रंथालयाच्या वरच्या हॉलमध्ये संगणकावर बनलेल्या छोट्या फिल्म दाखवायचा. फुकट, हौसेनं, गेली नऊ वर्षं. प्रत्येक फिल्मआधी काय बघायचं तेही सांगायचा. आजची शेवटची होती एका म्हातारीची. ती आपल्या केसाळ कुत्र्याला टबात अंघोळ घालते, एवढीच गोष्ट. "कोरडे केस कुणीही करील," काकांनी बजावलं होतं, "ओले केस करायला काळीज लागतं. त्या दिग्दर्शकापुढे हात जोडले पाहिजेत!"

"ताई, संपलं हो," ते मागे येत म्हणाले.

"नावं यायचीत ना अजून?" मधल्या बाईंनी विचारलं. साठीच्या असतील. "माझ्या धाकटीचं आहे त्यात. ते ओले केस तिनंच केलेत, सव्वा वर्ष खपून. खाली फळ्यावर फिल्मचं नाव वाचलं आणि पळतच घरी गेले. ही माझी बहीण, ह्या शेजारच्या. यांना मुद्दाम घेऊन आले."

नावं काकांनीच कापली होती. याच फिल्मची नव्हे, सगळ्याच फिल्मची. सात मिनिटांची फिल्म आणि अडीच मिनिटं नावं; लोक उठतात, खुर्च्या वाजतात, रंगाचा बेरंग होतो. शिवाय तीन-चार फिल्मच्या वाचलेल्या वेळात आणखी एक फिल्म बसते, हे ते चारचौघांत अभिमानानं सांगायचे.

"नावं... फिल्म आमच्याकडे आली तीच अशी," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"म्हणजे कंपनीनंच काढली?"

काकांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बाईंनी हो धरलं.

"असू दे हो," शेजारीण घाईघाईनं म्हणाली. "केस तर बघितले ना आम्ही." पण बाईंचा चेहरा उतरला तो उतरलाच. त्यांनी तिथल्या तिथे लेकीला फोन लावला. कमी ऐकू येत असावं, आवाज मोठा ठेवला होता.

"अगं, तुझं नावच नाही त्यात. कंपनीनं काढून टाकलंय म्हणे."

पलीकडून थकलेला आवाज आला, "असेल. मधेच सोडून गेलेल्यांची गाळतात कधी कधी. मनगटाच्या दुखण्यापायी मी सोडलंच होतं ना काम. तू नको वाईट वाटून घेऊस. मावशीला घेऊन घरी जा, आई."

किती पटकन पटलं तिला! काकांना ते सोसवेना.

"द्या जरा," म्हणत त्यांनी फोन घेतला. घेतला खरा, पण बोलायला धीर होईना. मग म्हणाले, "कंपनीनं नाही काढलं. तुमचं नाव आहे त्यात. कात्री मी लावली. आणि आत्ता तुमच्या आईशी खोटंही बोललो."

तिघी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"मोठ्या पडद्यावर केस कसे दिसले?" फोनमधून लेकीनं विचारलं.

एरवी काका एकेका फिल्मवर अर्धा अर्धा तास बोलायचे. "ओले," ते म्हणाले. "अगदी ओले."

"डाव्या कानामागचे जरा चिकटलेत. तेवढे राहिले माझे."

वीस वेळा तरी त्यांनी ती फिल्म पाहिली होती. डाव्या कानामागे त्यांची नजर एकदाही गेली नव्हती.

अख्खी फिल्म लॅपटॉपमध्येच होती, कापलेल्या फाइलच्याच खाली. काकांनी फोन बाईंच्या हातात दिला, प्रोजेक्टर पुन्हा जोडला, दिवे मालवले. नावं भराभर वर सरकू लागली, चार चार रांगांत, मुंग्यांएवढी बारीक. तिघी उठून पडद्यापाशी गेल्या.

"थांबवा, थांबवा!" बहीण ओरडली. थांबवेपर्यंत नाव निसटलं होतं. काकांनी मागे घेऊन थांबवलं.

सापडलं. बोटाची सावली नावावर पडते म्हणून बाई बाजूला सरकल्या आणि एकेक अक्षर लावत त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. "ऐकलं, आई," फोनमधून आलं. शेजारणीनं फोटो काढला. तो हलला, म्हणून दुसरा काढला.

काकांना वाटलं, झालं. ते दिव्याच्या बटणाकडे वळले. पण बाई तिथून हलल्या नव्हत्या. त्या शेजारचं नाव वाचत होत्या, मग त्याच्या खालचं. कुठली कुठली नावं, जीभ अडखळत होती, तरी सोडत नव्हत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी तोंड फिरवलं. त्यांच्या कपाळावर, गालांवर, चष्म्याच्या काचांवर परक्या माणसांची नावं पडली होती. आवाजात राग असा मुळीच नव्हता.

"यांच्याही घरचं कुणी इथं येऊन बसलं असेल हो, भाऊ. विचारायचा धीर झाला नसेल, एवढंच."