सव्हानाहून आलेली सून

"सुरू झालं का ते?" मिस एडांनी विचारलं.

"झालं," म्हणत आसावरीने रेकॉर्डर टेबलावर थोडा पुढे सरकवला.

आसावरी मूळची नागपूरची, आता अटलांटाला पीएचडी करत होती. तीसच्या दशकातली मंदी आणि दुसऱ्या महायुद्धाने जॉर्जियातली खेडी कशी बदलली, हे त्या काळातल्या माणसांच्या तोंडून टिपायचं तिचं काम. अशी माणसं आता मोजकीच उरली होती. म्हणून तर ती तीन तास ड्राइव्ह करून इथे आली होती. मिस एडांचा (इकडे वयस्क बायकांना, लग्न झालेलं असलं तरी, आदराने 'मिस'च म्हणतात) शंभरावा वाढदिवस गेल्याच महिन्यात चर्चने साजरा केला होता. त्यांचा मुलगा एमेट, तोही ऐंशीच्या पुढचा, खिडकीपाशी बसून ऐकत होता.

"बहिणी दोघी," मिस एडा सांगू लागल्या. "एडा आणि क्लारा. दीड वर्षाचं अंतर. कापसाला कोणी विचारेना, तेव्हा वडील काम शोधायला म्हणून मालगाडीत चढले, ते गेलेच. आई पिठाच्या पोत्यांचे फ्रॉक शिवायची. बुटांचा जोड दोघींत एकच. एका रविवारी चर्चला एडा, पुढच्या रविवारी क्लारा. जी जाईल तिने घरी येऊन दुसरीला सगळं प्रवचन म्हणून दाखवायचं."

एमेट हसला. ही गोष्ट त्याची आवडती असावी.

"मग आई गेली. युद्ध लागलं. सव्हानाच्या बंदरात जहाजं बांधायला बायकांनाही घेऊ लागले. आम्ही दोघी गेलो, वेल्डिंग शिकलो. जन्मात पहिल्यांदा रोज पोटभर जेवलो, पोरी. युद्धाच्या जिवावर जेवलो."

"तुमचे यजमान, वॉल्टर, तिथेच भेटले?"

"तिथेच. तीन दिवसांच्या रजेत लग्न झालं आणि तो लढायला गेला. इकडे त्याच्या आईने सुनेचं तोंडही पाहिलं नव्हतं. मग एमेट झाला. आणि त्याच हिवाळ्यात न्यूमोनिया. आठ दिवसांत ती गेली."

"क्लारा मावशी," एमेट आसावरीला म्हणाला. "तिचा एक फोटोसुद्धा नाही आमच्याकडे. मी सव्हानाला जाऊन थडगं शोधलं. त्या नावाचं एकही नाही."

मिस एडांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"सासूचं पत्र आधीच आलं होतं. सुनेने नातवाला घेऊन यावं, सोबत आणखी कोणाला आणू नये. इथेही खाणारी तोंडं पुष्कळ होती. मी बाळ छातीशी धरलं आणि येऊन या दारात उभी राहिले."

"आणि वॉल्टर परत आले तेव्हा?"

मिस एडांनी दाराबाहेर बोट दाखवलं.

"अंगणात थांबला. माझ्याकडे बघितलं. मग माझ्या मागे, घरात बघत राहिला. त्याची आई म्हणाली, 'अरे, बायकोला भेट की.' तर तो फिरला आणि शेताकडे चालता झाला. दिवस मावळताना आला. बाळाला उचललं. म्हणाला, 'एडा, जेवायला वाढ.'"

"युद्धावरून आलेली पुष्कळ माणसं तशीच असायची," आसावरी हळूच म्हणाली.

"असायची. चाळीस वर्षं संसार केला. कधी उणा शब्द बोलला नाही. झोपेत तेवढा एडा, एडा करायचा. मी शेजारीच असायचे."

आसावरीने रेकॉर्डर बंद केला. अंगणातल्या झाडाच्या, अक्रोडासारख्या पिकॅनची एक पिशवी तिच्या गाडीत ठेवायला एमेट बाहेर गेला.

"हे संमतिपत्र," ती म्हणाली. "इथे फक्त सही हवी."

"हा कागद एमेटला दिसेल?"

"नाही. विद्यापीठात राहतो. तुम्ही सांगाल तोवर बंद ठेवतात."

"मग त्याच्या मागे उघडा."

एवढ्या म्हाताऱ्या मुलाच्या मरणाची अट ऐकून आसावरी चमकली. पण तिने तसं लिहून घेतलं.

पेन हातात धरून मिस एडा खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग पाटीवर पहिल्यांदा गिरवावं तसं त्यांनी एकेक अक्षर काढलं आणि कागद उलटा करून पुढे केला.

आसावरीने तो सरळ केला.

क्लारा.