कोपऱ्यावरची घरं

“अपोलोनिया जाऊबाईंचा कोंबडा नेब्रास्कातही माझ्याच उशाशी आरवणार असेल, तर तीन महिने बैलगाडीत हाडं कशाला खिळखिळी करून घेतली?” मी नवऱ्याला विचारलं. वेंडेल बैलांचं जू सोडत राहिला.

तिकडे पेनसिल्व्हेनियात आम्हा जर्मनांच्या आळीत चार भावांची घरं भिंतीला भिंत लावून. धुरावरून, विहिरीवरून, आंबवलेल्या कोबीच्या पिंपावरून रोज भांडण. म्हणून तर पश्चिमेला आलो. इथे सरकारकडून प्रत्येकाला एकशेसाठ एकरांचा ऐसपैस चौकोन मिळाला. चारही चौकोन एका कोपऱ्याला टेकलेले, आणि तिघा दिरांनी घराच्या खुंट्या नेमक्या त्याच कोपऱ्यात ठोकल्या! थोरले म्हणाले, “इथं पाणी लवकर लागेल.” मधले म्हणाले, “वारा कमी आहे.” धाकट्याने सावलीचं कारण दिलं. दहा मैलांत एक झाड नव्हतं.

मी मात्र हट्टाने आमच्या खुंट्या पार दुसऱ्या टोकाला, ओढ्याकाठी ठोकून घेतल्या. ना कुणाचा धूर, ना कोंबडा. आठ दिवस तंबूत राणीसारखी राहिले.

नवव्या दिवशी सकाळी मीच खुंट्या उपटल्या. वळून बघते, तर वेंडेलने बैल आधीच जुंपलेले.

कोपऱ्यावर जाऊबाई कमरेवर हात ठेवून उभ्याच होत्या. “काय गं, ओढा आटला वाटतं?”

 

“ओढा वाहतोय हो चांगला,” मी म्हटलं. “पण तिथं भांडायला कुणी नाही.”