रस्त्याकडेची पट्टी

"आपला चिकट भात आत झाक आणि तो मोकळा भात पुढे घे. पाहुणीला तोच वाढायचा," बुआलाई मावशीने सुनेला बजावलं.

फेतसमोन जिन्याच्या पायरीवर उभी होती. "मावशी, आज मी खरं काय ते सांगून टाकणार आहे."

"कसलं खरं?"

"की बाई पाठवतात त्या बियाण्याचा भात इथे कुणी खात नाही. रस्त्याकडेची एक पट्टी तेवढी बाईंना दाखवायला पेरता आणि पीक डुकरांना घालता."

"मग काय करू? हाताने उचलला की सांडतो. चटणीत बुडवला की चटणीतच पोहतो! हा काय भात झाला?" मावशी हसली. मग आवाज उतरवून म्हणाली, "पण म्हणून तिचं मन मोडायचं? समुद्रापलीकडून येते बिचारी. आमची बुडालेली शेतं बघून रडली होती गं ती."

पाहुण्या इंग्रिडबाईंचं विद्यापीठ बियाणं पाठवायचं आणि फेतसमोनचं इथलं विद्यापीठ गावं सांभाळायचं, अशी दोन्ही विद्यापीठांची चार वर्षांची भागीदारी. नवं भात पंधरा दिवस पाण्याखाली तग धरायचं. फक्त चिकट नव्हतं. गावाचं चिकट भात मात्र दर पुरात कुजायचं आणि मग दोन महिने रानातले कंद. यंदा कंद उकरतानाच मावशी चक्कर येऊन पडली होती. तेव्हापासून फेतसमोनला झोप लागत नव्हती.

जेवताना इंग्रिडबाईंनी मोकळा भात दोनदा मागून घेतला. मावशीने त्यांच्या मनगटाला आशीर्वादाचा पांढरा दोरा बांधला. "पुढच्या जन्मी इथेच जन्माला ये बाई, म्हणजे एवढा प्रवास तरी वाचेल!" सगळे खळखळून हसले.

मग बाईंनी शेवटचा अहवाल पुढे ठेवला.

"फेत, आज सही झाली की भागीदारी संपली. मीही निवृत्त होतेय. त्याआधी तुमच्या विद्यापीठाला काही बदल हवाय? काहीही. लिही इथे."

फेतसमोनने तोंड उघडलं. मावशीने चटईवरच तिचा गुडघा दाबला. समोर बाईंचा थकलेला, हसरा चेहरा.

"काही नको," ती म्हणाली. "सगळं छान चाललंय."

आणि तिने तसंच लिहिलं. बाईंनी खाली सही केली.

परतीच्या वाटेवर जीप त्या हिरव्यागार पट्टीशेजारून गेली.

"डुकरं मस्त पोसलीत मावशींची," बाई म्हणाल्या.

फेतसमोन झटकन त्यांच्याकडे वळली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्याच वर्षापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"एकदा एका गावावर आमचंच घोडं दामटलं होतं आम्ही. गावाचं वाटोळं झालं. तेव्हापासून नियम आहे. आपण होऊन काही सुचवायचं नाही, बदल इथल्या माणसांनीच मागायचा. म्हणून दर वर्षी तुला विचारत राहिले." त्या मनगटावरचा दोरा चाचपत राहिल्या. "नियम मोडायला हवा होता मी. तेवढं धाडस झालं नाही."

"पण मागून मिळालं तरी काय असतं, बाई?"

इंग्रिडबाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"चिकट भाताचं बियाणं. पुरात टिकणारं. तीन वर्षं झाली, आमच्या शीतघरात पडून आहे."