हळूहळू वाढवत न्यायचं

अवधपुरीतल्या त्या फ्लॅटमध्ये राणीची शुगर घरी तपासायचा पहिला प्रयत्न झाला, तेव्हा रक्त मांजराचं कमी आणि माणसांचं जास्त सांडलं. कानाला सुई लागताच भेदरलेल्या राणीनं मधुराचं मनगट फाडलं आणि पडदा ओरबाडत थेट कपाटावर झेप घेतली. "एक मांजर धरता येत नाही तुला?" म्हणत विक्रांतनं बायकोच्या कानाखाली अशी सणसणीत लगावली, की ती भिंतीवर जाऊन आदळली.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं ते काम स्वतःकडे घेतलं. आधी राणीचा कान नुसता कुरवाळायचा आणि उकडलेल्या चिकनचा तुकडा भरवायचा. मग कान चिमटीत दाबायचा, की पुन्हा तुकडा. सुई टोचायची वेळ आली तोवर राणी त्याच्या मांडीवर गप्प बसायला शिकली होती. "हो गया बेटा, हो गया," म्हणत त्यानं रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला, तरी ती हलली नाही.

"बघितलंस?" तो खुशीत मधुराला म्हणाला. "एकदम टोचलं तर पळून जाते. हळूहळू वाढवत न्यायचं आणि प्रत्येक वेळी लगेच काहीतरी आवडीचं द्यायचं. मग कितीही टोचा, जागची हलत नाही."



ती कानाखाली बसल्यापासून नीट ऐकू न येणाऱ्या कानातल्या नव्या झुमक्याकडे मधुराचा हात गेला. लग्नानंतर पहिल्यांदा तो नुसता ओरडला होता, आणि संध्याकाळी गरम जलेबी घेऊन आला होता.