रेडिओतली खरखर

शिरोड्याच्या किनाऱ्यावर सगळ्यांसाठी रेडिओ बसवला तो सत्यवानने. अंधारात काटा दिसावा म्हणून त्याने हौसेने रेडिओच्याच पेटीत नवी ट्यूबलाइटही जोडली. पण संध्याकाळी वादळाच्या सूचना लागल्या, की नुसती खरखर.

"तुळसाकाकीच्या गिरणीची मोटर ठिणगी उडवता, तीच रेडिओत घुसता," सत्यवानने छातीठोक सांगितले.

होड्यांच्या काळजीने गावाने तिला संध्याकाळी गिरण बंद ठेवायला लावली. बायका दळण घेऊन यायच्या त्या संध्याकाळीच, आणि एकट्या तुळसाकाकीचे पोट त्या दळणावरच होते. गिरण बंद झाली नेमकी त्याच दिवशी पेटीतली ट्यूब उडाली. रेडिओ खणखणीत बोलू लागला.

"मानलंव हां तुका, सत्यवाना!" सगळे म्हणाले.

महिन्याभराने त्याने नवी ट्यूब आणून लावली. ती पेटताच तीच खरखर सुरू झाली. गिरणीला तर कुलूप होते. त्याने घाईघाईने ट्यूब काढली, तोच बोचके घेतलेली तुळसाकाकी समोर आली. ती भावाच्या आश्रयाला मुंबईला निघाली होती.

"आता बरा ऐकाक येता मां रे? माणसां सुखरूप येवंदेत, माझ्या गिरणीचा काय एवढा!"



"येता गो काकी," सत्यवान म्हणाला आणि हातातली ट्यूब त्याने पाठीमागे धरली.