राखाडी कोटाचे माप

"आजपासून काउंटरवर तुम्ही," मालक म्हणाला आणि कापणीच्या टेबलावर त्याने नवा राखाडी कोट पसरला. "फक्त तिथे बसताना हा घालायचा."

काजवाली मशीनवरून उठली. ती या शिवणकामाच्या दुकानात काज-बटणे करायला आली होती. आता कुठलीही अवघड दुरुस्ती तिच्यावाचून होत नसे, पण नाव तेच राहिले होते. मागच्या खोलीला खिडकी नव्हती. काउंटरला रस्त्याकडे तोंड केलेली खुर्ची होती, उजेड होता आणि पगार दीडपट होता. मालकाच्या आत्याने गुडघेदुखीपायी ती खुर्ची सोडली, तेव्हापासून काजवालीचा त्या जागेवर डोळा होता.

तिच्या अंगात बिबट्याच्या ठिपक्यांचा शर्ट होता. त्यावर पुरुषी काळे जाकीट, खाली झेब्र्याच्या पट्ट्यांचा स्कर्ट. शर्ट आणि जाकीट जुन्या बाजारातले. स्कर्ट पूर्वी कोणाचा तरी पडदा होता. शर्ट तिने घरी उसवून नव्याने जुळवला होता. बटणपट्टीच्या एका काठाशी अर्धा ठिपका संपे, तिथेच दुसऱ्या काठावरचा अर्धा सुरू होई. खिसा कुठे आहे, हे हात लावल्याशिवाय कळत नसे.

"माझ्या कपड्यांना काय धाड भरली?"

"तसं नाही हो. पण गिऱ्हाईक दारात पाऊल टाकतं आणि समोर..." मालकाला शब्द सापडेना.

"वाघीण," कात्रीवरची नजर न हलवता मामा म्हणाले. मामा म्हणजे मालकाचे सख्खे मामा आणि दुकानाचे कटिंग मास्टर. "वाघीण कसली, अख्खं जंगल! काय गं, आज कुठे केलीस शिकार?"

"जुन्या बाजारात, मामा. आधी त्यांनी कोणाकोणाला खाल्लंय, ते नाही विचारलं."

मामा हसले. मालक हसला नाही. "चेष्टा पुरे. लोक आपल्याकडे नवे कपडे शिवायला येतात. काउंटरवरचीच बाई दुसऱ्याचे टाकलेले कपडे घालून बसली, तर दुकानाची काय शोभा राहिली?"

"टाकलेले खरेच. पण त्यातली एकूण एक शिवण माझी आहे. गिऱ्हाइकाला दाखवायला याहून बरा नमुना तुमच्या कपाटात असेल, तर काढा."

मालक कपाटाकडे वळला नाही. "कोट घाला, नाहीतर आत बसा. संध्याकाळपर्यंत मी दुसरी बाई बघतो."

खोलीतल्या बाकी दोन्ही मशीन थांबल्या.

काजवालीने जाकीट उतरवून खुर्चीच्या पाठीवर टाकले आणि कोट चढवला. पाठीवर कापड ताणले गेले. मधले बटण काजापासून चार बोटे दूर राहिले. तिने पोट आत ओढले नाही. उलट छाती भरून श्वास घेतला. काखेतली शिवण टर्रकन उसवली.

"माप कोणी घेतलं होतं?"

मालकाने मामांकडे पाहिले. मामांनी कात्री खाली ठेवली.

"वहीत होतं की," ते पुटपुटले. "तू नवी आलीस तेव्हा सगळ्यांना अॅप्रन शिवले होते ना, तेव्हाचं."

"म्हणजे अकरा वर्षांपूर्वीचं. त्या चिपाडाचं. ती पोरगी आता तुमच्याकडे कामाला नाही, मालक. तिला शोधा आणि बसवा काउंटरवर."

एका मशीनमागून फिसकन हसू फुटले.

"दुसरा शिवून देतो," मालक म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "पण कोट घालावाच लागेल."

"घालते. नाही कुठे म्हटलंय?" तिने कोट काढला, घडी घालून त्याच्या हातात दिला आणि गळ्यातली टेप ओढली. "लिहून घ्या. उभ्या माणसाचं माप घेतल्याशिवाय कात्री लावायची नाही, हे गिऱ्हाइकांना तुम्हीच सांगता."

मामांनी मापांची वही पुढे सरकवली. मालकाने पेन्सिल उचलली. काजवाली स्वतःभोवती टेप फिरवत एकेक आकडा सांगू लागली, खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात. छाती चाळीस. कंबर छत्तीस. खांदा सोळा. मालक मान खाली घालून लिहीत गेला. शेवटचा रकाना कापडाचा होता. कापड दुकानाचे की गिऱ्हाइकाने आणलेले, ते तिथे लिहायचे असे. मालकाने पेन्सिल टेकवली.

"थांबा." तिने पायाशी ठेवलेली पिशवी उघडली, सकाळीच बाजारातून आणलेली चित्त्याच्या ठिपक्यांची जुनी चादर काढली आणि टेबलावर टाकली. "कापड गिऱ्हाइकाचं."

मालक काही बोलायच्या आत मामांनी चादर उचलून दिव्याखाली धरली. ठिपके कोणत्या दिशेने चालले आहेत, ते निरखू लागले.